तोकडी परनाळ

सहदेवनं करवत खाली ठेवली आणि कापून पडलेला तुकडा पायानं बाजूला सारला. वीतभर सागवान, बस्स. तेवढ्यात धड पोळपाटही झाला नसता. नत्थुजी समोरच्या बाजेवर कंबर धरून बसला होता. सहदेवनं मान वर करून विचारलं, "बराबर हाये न, काका?" आणि नत्थुजी म्हणाला, "हो."

आता हो-हो मध्ये फरक असतो, राजेहो. एक हो पटलेल्या माणसाचा असतो. आणि एक असतो थकलेल्या माणसाचा, ज्याला वाटतं की आता कुणी काही विचारूच नये, पाठ टेकू द्यावी. नत्थुजीचा हो हा दुसऱ्यातला होता. सहदेवला तो फरक कळला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो नत्थुजीलाही कळला नाही.

कापली ती परनाळ होती. ज्वारी मळायच्या मशीनीची. एक मोठी लाकडी पेटी, पेटीत लोखंडी दात्यांचा ढोल, ढोलाला पट्टा आणि पट्ट्याला ऑइल इंजिन. पेटीच्या एका अंगाला उतरतं लाकडी तोंड, तीच परनाळ. तिच्यात कणसं टाकायची, हातानं आत रेटायची, की ढोल ती ओढून घ्यायचा आणि खालून दाणे पडायचे. बैलांची पात धरून, कणसं त्यांच्या खुरांखाली तुडवून घेत महिना-महिना खळ्यावर घालवायचा, ते काम आठवड्यावर आलं ते या पेटीमुळं.

मशीन नत्थुजी सुतार आणि धर्मपाल या दोघांनी मिळून केली होती. नत्थुजीचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडं. धर्मपाल त्याच गावचा, पण अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं नाव बदललं, देव सोडले, पण लोखंडाचं वेड काही सुटलं नाही. सुट्टीत घरी आला की नत्थुजीच्या खोपटात येऊन बसायचा आणि दोघं लाकडाला लोखंड आणि लोखंडाला लाकूड जोडत राहायचे. दोन वर्षं गावानं त्यांना वेड्यात काढलं. मग मशीन चालली आणि गावानं तोंडात बोट घातलं.

मशीन कुणाच्या मालकीची नाही, हे दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. प्रत्येक भागाचा पातळ फळीचा फर्मा कापून खोपटात खुंटीला टांगलेला. ज्याला पाहिजे त्यानं यावं, फर्मा आपल्या फळीवर ठेवून रेघ मारावी, आपल्या गावच्या सुतार-लोहाराकडून मशीन बनवून घ्यावी. पैसा नाही, पान-सुपारी नाही. त्यानं पुढं कुणाला दिली, त्यानं अजून कुणाला दिली, याची विचारपूस नाही. कुणाला काही सुधारणा सुचली तर कार्तिकात सगळ्यांनी खोपटापुढं जमायचं, ती दाखवायची, पटली तर फर्मा बदलायचा. आणि अट एकच. ज्यानं बदल केला त्यानंच पहिला घास घालायचा. म्हणजे इंजिन सुरू करून, सगळ्यांच्या देखत, आपल्या हातानं पहिली कणसं त्या तोंडात सारायची. आपला हात घालायची छाती नसेल तर लोकांच्या हातासाठी बदल सुचवू नये, असं धर्मपाल म्हणायचा.

परनाळीची लांबी त्यानंच ठरवली होती. जिनात त्यानं माणसांची बोटं जाताना पाहिली होती, आणि ते पाहिलेलं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्यानं आपल्या बायकोला, मैनाला, बोलावलं. "हात लांब कर," म्हणाला. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत दोरी धरली, तिच्यात अजून एक वीत मिळवली, आणि तेवढी परनाळ केली. "हात पोचला का दात पोचला," एवढंच त्याचं बोलणं. पहिला घासही मैनानंच घातला. साधी गोष्ट होती. खळ्यावर कणसं घालायचं काम बायाच करतात, मग हात कुणाचा मोजायचा?

त्या साली गावातल्या बड्या शेतकऱ्यांनी नाकं मुरडली. धर्मपालच्या बायकोनं हात घातलेल्या मशीनीतली ज्वारी आपल्याला चालायची नाही म्हणे. दुसऱ्या साली शेजाऱ्याची मळणी आपल्याआधी आटोपलेली पाहिली आणि मुरडलेली नाकं आपोआप सरळ झाली. पण नाकं सरळ झाली तरी मनं व्हायला पाहिजेत न! मशीन घेतली, मैनाला मात्र परत कुणी बोलावलं नाही. पहिल्या घासाच्या वेळी नारळ फुटायला लागला, गुलाल उधळायला लागला, फेटा बांधायला लागले. जी परीक्षा होती तिचा मान झाला. आणि मान झाला म्हटल्यावर तो पुरुषाकडं गेला, हे काय सांगायला पाहिजे?

धर्मपाल काविळीनं गेला. नत्थुजी एकटा उरला. लोक आता "नत्थुजीची मशीन" म्हणायला लागले. धर्मपालचं नाव हळूहळू गळून गेलं, आणि नत्थुजीला त्याचं वाईट वाटायचं, पण किती जणांना दुरुस्त करत बसणार? मशीन अमरावतीकडच्या, अकोल्याकडच्या खेड्याखेड्यांत गेली होती. कुठं दाता तुटला, ये नत्थुजी. कुठं पट्टा सरकला, ये नत्थुजी. धर्माची गाय आणि दात का गं नाय, अशातली गत. गावातला खुशालराव, ज्याच्या काळ्या जमिनीला शीव नव्हती, तो तर नत्थुजी जेवायला बसला की नेमका दारात.

"मशीन बंद पडली तुमची! मानसं बसून हायेत माही, आन् तुमी जेवून राहिले?"

नत्थुजी उष्ट्या हातानं उठायचा. जाऊन बघावं तर पट्टा उलटा चढवलेला. दुर्गाबाई, नत्थुजीची बायको, चुलीजवळून ओरडायची, "तुमाले कोन पगार देते वो? सरकार का खुशालराव?" नत्थुजी हसायचा. पण कंबर गेली तसं हसणंही गेलं. एकदा तो तिला म्हणाला, "दुर्गे, मले आता कोनाचं तोंड पाहू वाटत नाई." आणि हे त्यानं चेष्टेनं म्हटलं नव्हतं.

अशा वेळी सहदेव आला. अकोल्याकडचा, फिटिंगचं काम शिकलेला, उंचापुरा, तोंडात साखर. आल्या आल्या त्यानं खोपट झाडलं, फर्म्यांना तेल लावलं, कुणाची मशीन बिघडली की नत्थुजीला बसवून स्वतः सायकल काढायचा. दोन हंगाम असे गेले. एकदाही वाकडा शब्द नाही. दुर्गाबाई त्याला ताटात भाकर वाढताना "आपला सहदेव" म्हणायला लागली. लोक म्हणायला लागले, "नत्थुजी, तुमी बसा आता. सहदेवच्या हाती द्या सगळं." नत्थुजीला बोचलं थोडं. पण सुटका कुणाला नको असते?

सहदेव वाईट नव्हता हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडत बसाल. त्याला मशीन खरंच जलद करायची होती. परनाळ लांब म्हणून कणसं वाटेत अडतात, रेटत बसावं लागतं; वीतभर कापली तर सरळ ढोलावर पडतील, असं त्याचं म्हणणं. हिशेब बरोबर होता. म्हणून करवत चालली, आणि म्हणून नत्थुजी हो म्हणाला.

कार्तिकात लोक जमले. खोपटापुढं मशीन मांडली, इंजिन फटफटलं. सहदेवनं फेटा बांधून घेतला, कणसांचं टोपलं उचललं आणि उभ्या उभ्या वरून परनाळीत ओतलं. हात आत घालायची गरजच पडली नाही. कणसं घसरली, ढोलानं गिळली, खाली दाण्यांची धार लागली. पूर्वी एक टोपलं जायला लागायचा तेवढ्या वेळात दोन गेली. खुशालरावनं गुलाल उधळला. "याले म्हन्ते मशीन!" म्हणाला.

नत्थुजी टाळी वाजवत होता, पण त्याला कायतरी खुपत होतं. काय ते सापडेना. डोळ्यांपुढं सगळं नीट चाललेलं, आणि तरी मन म्हणत होतं, कायतरी चुकून राहिलं बुवा, कायतरी राहून राहिलं.

तेवढ्यात मैना तिकडून गवताचा भारा घेऊन चालली होती. गर्दीच्या कडेला थांबली. परनाळीकडं बघितलं आणि नत्थुजीला म्हणाली, "काहून कापली वो भाऊजी?"

नत्थुजी उत्तर द्यायच्या आत खुशालराव बोलला. "लवकर व्हाले कापली. जा बाई तू, वाटंतून भारा काढ."

मैना गेली. नत्थुजी गप्प बसला. दुपारपर्यंत परनाळीचा जुना फर्माही सहदेवनं कापून नव्या मापाचा केला, आणि आलेल्या लोकांनी त्यावरून रेघा मारून घेतल्या. कुणी बैलगाडीत, कुणी सायकलला बांधून फळ्या घेऊन गेले. संध्याकाळी खोपटापुढं गुलालाचे डाग तेवढे उरले. सहदेवही आपल्या गावी गेला, तिकडच्या मशीनी कापायला.

मग नत्थुजीच्या स्वतःच्या ज्वारीची पाळी आली. दुर्गाबाईनं पदर खोचला, टोपलं घेतलं आणि मशीनीपुढं उभी राहिली. नत्थुजी इंजिनापाशी होता. आणि तिथून, त्या अंगानं बघताना, त्याला दिसलं. परनाळीचं तोंड सहदेवच्या कमरेला आलं होतं. दुर्गाबाईच्या ते छातीला लागत होतं. तिला वरून ओतता येईना. तिनं टोपलं कडेला टेकवलं, मुठीनं कणसं आत टाकली, आणि ती अडली तशी हात आत घालून रेटली. अजून रेटली. टाचा उचलल्या. खांदा आत गेला.

"दुर्गे!"

इंजिनापुढं तिला काय ऐकू येणार! नत्थुजीनं झडप घालून पट्टा पाडला. ढोल गरगरत मंद होत गेला. दुर्गाबाईनं हात बाहेर काढला आणि मनगटाकडं बघून तोंड वाकडं केलं.

"वाढली न काकणं! आता कासारीन कवा येईन! आन् तुमाले काय झालं वो? पट्टा काहून पाडला?"

खालच्या दाण्यांत हिरव्या काचेचे तुकडे चमकत होते. नत्थुजी खाली बसला. पंजावर घसरलेलं काकण दात्यानं घेतलं होतं, आणि काकणापासून बोटं ती किती लांब? त्यानं बायकोचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडीचना. भर दुपारी, शेजारपाजारच्या देखत. दुर्गाबाई लाजून लाल झाली.

"सोडा वो, लोक पाहून राहिले."

"पाहू दे," नत्थुजी म्हणाला.

त्याच दिवशी तो मैनाकडं गेला. तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मी तथी उभी होती भाऊजी. इचारलं बी. तुमी काई बोलले नाई."

मैनानं दोरी आणून दिली आणि न सांगता हात लांब केला. नत्थुजीनं खांद्यापासून बोटापर्यंत माप घेतलं, वर वीत धरली, आणि नवा फर्मा कापायला घेतला. फर्मा झाला, पण फर्म्यानं काय होणार? तोकड्या परनाळीच्या फळ्या कधीच गावोगाव पोचल्या होत्या, आणि ज्वारी तर सगळीकडं कापून झाली होती. उद्या-परवा खळ्याखळ्यावर बाया टोपली घेऊन उभ्या राहणार होत्या.

पिशवीत हातोडी, खिळे आणि जोडायच्या फळ्या भरून तो पहिला गेला सहदेवकडं. वाटलं, तो ऐकेल. तो ऐकला तर अर्धं काम झालं.

सहदेव आपल्या दारात एका परनाळीवर रंधा मारत होता. सगळं ऐकून त्यानं रंधा बाजूला ठेवला. "काका, मी पहिला घास घातला का नाई? सगळ्याइच्या देखत?"

"घातला. पन तू वरून ओतला रे. बायाइले वरून पुरत नाई."

"मंग बायाइनं जपून घालावं. नाईतर पायाखाली दगड घ्यावा." सहदेव चिडला नव्हता. समजूत काढत होता, जशी म्हाताऱ्यांची काढतात. "काकीचं काकणच गेलं न? काई झालं तर नाई. तुमीच हो म्हटलं, तुमच्याच खोपटात फर्मा बदलला, आता तुमीच फिरवून राहिले. लोक काय म्हनतीन? पुढच्या कार्तिकात मांडा, पाहू सगळे मिळून."

"पुढच्या कार्तिकापरेंत मळणी थांबते का रे?"

सहदेवनं रंधा परत हातात घेतला. नत्थुजी उठला. दाराबाहेर पडल्यावर त्याला पहिल्यांदा सहदेवची नव्हे, स्वतःची चीड आली. एवढी, की त्यानं आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

मग सुरू झाली वणवण. नत्थुजी मोटारीनं जायचा, मोटार नसेल तिथं पायी, कुणाची बैलगाडी भेटली तर तिच्यात. खळ्यावर जायचा, परनाळीला फळी ठोकून ती लांब करायचा, बायांना उभं करून हात घालून बघायला लावायचा, आणि पुढं. बाजाराच्या दिवशी नांदगावात त्यानं दवंडीही देवविली. लोक हसले. "नत्थुजीले बुढापा लागला," म्हणाले. "आपलीच मशीन आपनच मोडून राहिला!" काही ठिकाणी फळी ठोकू दिली. काही ठिकाणी त्याची पाठ वळली की काढून टाकली, कारण जलद काम एकदा सवयीचं झालं की मागं कोण जातो? एका गावात मात्र एका म्हातारीनं मशीन बघताक्षणीच नवऱ्याला दम देऊन परनाळ आपणहून लांब करून घेतली होती. नत्थुजीनं तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं.

पण जसजसा तो अकोल्याच्या पलीकडं सरकत गेला तसतशी गोष्ट बिघडत गेली. तिकडं भेटणाऱ्या मशीनी त्याच्या खोपटातल्या फर्म्यावरून केलेल्या नव्हत्या. एकानं बघून दुसऱ्यानं केली, दुसऱ्याची बघून तिसऱ्यानं. कुठून आली विचारलं तर बोट शेजारच्या गावाकडं. त्या गावात गेलं की बोट पुढच्या गावाकडं. आणि वीतभर कापून काम जलद होतं हे कळलं म्हटल्यावर कोणता सुतार वितीवर थांबतो? कुणी दोन बोटं अजून घेतली, कुणी चार. प्रत्येक खळ्यावर परनाळ आधीच्यापेक्षा आखूड. नत्थुजी हातानं माप घ्यायचा आणि जोडायला आधीच्यापेक्षा मोठी फळी काढायचा. आपण किती गावांना जाऊन आलो हे त्याला माहीत होतं. किती राहिली हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

पातूरच्या मोटार-स्टँडवर त्यानं चहा घेतला आणि नेहमीसारखी चौकशी केली.

"नत्थुजीची मशीन?" हॉटेलवाला म्हणाला. "हाये न, त्या टेकडीखालच्या खेड्यात. पन तथी कायतरी झालं म्हन्ते बापा पंधरा दिवसाखाली."

"काय झालं?"

"नाई मालूम. बाईले अकोल्याले नेलतं दवाखान्यात."

नत्थुजीनं कप खाली ठेवला. उरलेला चहा त्याच्यानं पिववला नाही.

खळं गावाच्या तोंडाशीच होतं. ऊन डोक्यावर आलेलं, इंजिन बंद, चार माणसं बाभळीखाली शिदोरी सोडून बसलेली. मशीन नवीकोरी. आणि परनाळ? परनाळ कसली ती, नुसती ओंजळ! नत्थुजीनं हात घातला तर त्याची बोटं कोपर वाकवूनही दात्याला लागली.

"कोन वो तुमी?" एकानं विचारलं. त्याचं नाव जानराव, मशीन त्याची.

"सुतार हाये. परनाळ लांब कराले आलो. ही कोनं कापली?"

"आमच्याच सुतारानं. शेजारच्या गावची पाहून बनवली, मंग म्हने अजून कमी करू." जानराव खाली बघून भाकरीचा तुकडा मोडत राहिला. "चांगली चालते. पन..."

"कनसं कोन घालते?"

बाकीच्यांनी जानरावकडं बघितलं. मग जानराव म्हणाला, "माही घरवाली घाले. मनकर्णा. आता माह्या भावाची बायको घालते."

नत्थुजीनं पिशवीतून हातोडी काढली. पण ती परत पिशवीत टाकली. त्याला आधी तिला बघायचं होतं. बघितल्याशिवाय खिळा ठोकणं त्याच्यानं होणार नव्हतं. त्यानं पिशवी तिथंच मशीनीपाशी ठेवली.

"मी भेटून येतो तिले. मी येईपरेंत मशीनले हात नोका लावू. ऐकलं न? लय धोका हाये."

"हो, हो. जेवन तं होऊ द्या आमचं," जानराव म्हणाला. "इंजिन सांजंले वापस द्याचं हाये, जरा लवकर या."

घर जवळच होतं. मनकर्णा दारात उन्हाला बसली होती. पंचविशीची असेल नसेल. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, आणि कोपराच्या पुढं काहीच नव्हतं. पाहुणा आलेला पाहून ती लगबगीनं उठली, डाव्या हातानं पदर सावरला, आत जाऊन पाण्याचा लोटा घेऊन आली.

"डाव्या हाताचं हाये बापा," ती म्हणाली, "वाईट नोका मानू."

नत्थुजीनं लोटा घेतला. तो तसाच हातात धरून ठेवला.

"कोन्या गावचे?"

"नांदगाव खंडेश्वरकडचा. नत्थुजी."

तिचं तोंड उजळलं. "मशीनवाले? तुमीच काय थे?" तिनं डाव्याच हातानं वाकून त्याच्या पायाला हात लावला, आणि नत्थुजीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "लय पुण्य केलं बापा तुमी. मागच्या साली खळ्यावरच लेकरू तापलं होतं माहं, तरी घरी जाता आलं नाई. औंदा एकदम लवकर होऊन राहिलं सगळं." तिचं लक्ष त्याच्या नजरेकडं गेलं तशी तिनं कापडाचा हात पदराखाली घेतला. "हे? हे माह्याच चुकीनं झालं. मशीनचा काई दोष नाई. मी ठेंगनी, वाकली जादा. घरचे बी तेच म्हन्तात. तुमी मनाले लावून नोका घेऊ."

"चूक तुही नाई, बाई," नत्थुजी म्हणाला. "तुही नाई. माही हाये. मी हो म्हटलं होतं."

तिला ते काही कळलं नाही. मोठी माणसं असंच बोलतात, असं तिला वाटलं असेल. ती थोडंसं हसली आणि म्हणाली, "बसा न बापा. माही जाऊ सांजंले येईन, ते चहा मांडीन. तिले बी आता आदत झाली मशीनची. सुरुवातीले भेत होती."

आणि तेवढ्यात खळ्याकडून इंजिनाचा आवाज आला. आधी एक फटका, मग दुसरा, मग लागोपाठ.

"जेवनं झाली वाट्टे," मनकर्णा म्हणाली.

नत्थुजी धावला. कंबर, वय, सगळं विसरून, भरलेला लोटा हातात तसाच धरून, "थांबवा, पट्टा पाडा" असं ओरडत तो त्या वाटेनं धावत सुटला. पण पट्टा चढला होता, आणि इंजिन सुरू झाल्यावर खळ्यावरच्या बाईला दुसरं काही ऐकू येत नाही.